ज्वारीत उतरलेला पाहुणा

नाताळाच्या सुट्टीत मी जालन्याच्या पलीकडे गोदाकाठी जाऊन आले, हे कळल्यावर नगरच्या आमच्या शाळेतल्या बायकांनी पहिला प्रश्न विचारला, "तिथं बघायला काय आहे?" मी म्हटलं, काही नाही. ज्वारी आहे, काळी माती आहे, नदी आहे. त्या हसल्या आणि विषय बदलला. तेव्हा मलाही बरंच वाटलं. पण घरी येऊन पंधरवडा झाला तरी संध्याकाळी वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेले की माझी मान आपोआप वर होते. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते आहे.

जायचं कारण माझी थोरली बहीण. तिचे यजमान, आमचे शांतवनदाजी, घनसावंगीच्या पुढे एका लहानशा गावात ख्रिस्ती मंडळीचे पाळक आहेत. मंडळी म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरची मोजकी घरं. त्या बाजूला जाऊन आलेल्या एका कंपाउंडरबरोबर ताईनं निरोप पाठवला होता: "दाजी नाताळचं प्रवचन करणार नाही म्हणतात. तू ये." एवढंच. दाजींना मी लग्नापासून ओळखते. बोलायला उभे राहिले की खाली बसवावं लागतं, असा माणूस. मी शाळेला सुट्टी लागल्याबरोबर निघाले.

जालना

मनमाडहून येणारी छोटी गाडी जालन्याला पोचली तेव्हा उजाडलं होतं, पण दिसत काही नव्हतं. धुकं इतकं, की स्टेशनाबाहेरच्या टांग्यांची घोडी आधी ऐकू आली आणि मग दिसली. चहावाल्या चाचांनी कपात चहा ओतता ओतता विचारलं, "कां जाना, बाई?" मी घनसावंगी म्हटल्यावर म्हणाले, "मंग जल्दी करा. गाडी बराबर टायमाला निघते." एस.टी. निघाली तेव्हा उन्हं वर आली होती.

ताईसाठी मी नगरहून केक नेला होता. गाडीत टोपल्यांची गर्दी, म्हणून तो मांडीवर घेऊन बसले, आणि अंबडच्या अलीकडे खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा शेजारच्या बाईची कोंबड्यांची पाटी नेमकी त्याच्यावर येऊन पडली. बाई बिचारी ओशाळली. केकचा चुरा झाला होता. तोच आम्ही दोघींनी आणि कंडक्टरनं थोडा थोडा खाल्ला आणि त्यावरून गप्पा सुरू झाल्या. लेकरं किती, शाळा कुठली, असं बोलत बोलत मी कुठल्या गावाला चालले ते सांगितलं. बाईचं चावणं थांबलं.

"तिकडं ते दिसून राह्यलंय म्हनं."

"काय दिसतंय?"

"मला काय म्हाईत, बाई. माझ्या दिराचं शेत हाय तिकडं. सांज झाली की समदे घरात जातेत." एवढं बोलून तिनं पदराचं टोक काढून पाटीवर घातलं, कोंबड्यांना झाकलं, आणि घनसावंगी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

घनसावंगी ते वस्ती

दाजी कुणाचीशी बैलगाडी मागून घेऊन आले होते. वाळले होते. मला बघून हसले, पण मेव्हणीची एरवी करतात तशी थट्टा केली नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ज्वारी इतकी उंच, की गाडीत बसूनही पलीकडचं दिसेना. कणसं दाण्यात येत होती. पाखरं राखायला मचाणं उभी होती, पण एकाही मचाणावर माणूस नव्हता. आमच्याकडे या दिवसांत शेताशेतांतून हाळ्या आणि डबे बडवल्याचे आवाज येत असतात. इथं चाकांची करकर तेवढी चालू होती, आणि कणसांवर पाखरं खुशाल बसली होती.

"राखणीला कोणी नाही?" मी विचारलं.

"दिवसा येतात थोडे," दाजी म्हणाले. "आता ऊन कललं."

मग त्यांनी आपणहून सांगितलं. पावसाळ्यात रेडिओवर बातमी आली होती, अमेरिकेचं यान मंगळावर उतरलं, तिथं जीव आहे का ते शोधतंय. त्या रविवारी दाजी उपदेशात सहज बोलून गेले, की देवाची लेकरं तिथंही असली तर आपल्याला नवल वाटायला नको. त्यावर मंडळीतले सर्वांत वडीलधारे याकोबमामा भर उपासनेत उठून उभे राहिले आणि म्हणाले, "पाळकसाहेब, हे शास्त्रात कुठं हाय?" दाजींनी उपदेश आवरता घेतला.

"तिथंच संपलं असतं," दाजी म्हणाले. "पण दिवाळीनंतर ते आलं."

"काय?"

"पांढरं, गोल. सूर्य बुडाल्यावर मावळतीला लटकलेलं. सगळीकडे अंधारून आलं तरी ते उजळच. हलत नाही, आवाज नाही. हळूहळू लालसर होतं आणि विझतं. दोनदा आलं. लोक म्हणतात, मी नाव काढलं म्हणून आलं."

मी शाळेत भूगोल आणि शास्त्र शिकवते. मी लगेच म्हटलं, "शुक्र असेल."

"शुक्राची नि माझी जुनी ओळख आहे, सुशीला," दाजी म्हणाले. त्यांच्या जुन्या थट्टेतलं एवढंच त्या दिवशी ऐकायला मिळालं.

वस्तीवर

आमच्या नगरच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बाकं आहेत, बाजाची पेटी आहे, बायका ठेवणीतल्या साड्या नेसून येतात. इथलं देऊळ म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. चपला बाहेर काढायच्या, सतरंजीवर बसायचं, डावीकडे बाया, उजवीकडे बाप्ये. गीतांना टाळ आणि ढोलकी. पहिल्या दिवशी मला हे परकं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेला बसले आणि मांडी घालून देवापुढे बसण्यातलं सुख कळलं. नाताळाचा फराळही असाच. केक कुणाला ठाऊक नाही. घरोघर गुळाच्या करंज्या आणि शेव. ताईनं मला येसराची आमटी आणि गरम भाकरी वाढली. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी आणि मसाल्याचं पीठ. ती आमटी मी दोनदा मागून घेतली.

पण घरातलं वातावरण जेवणासारखं नव्हतं. ऊन उतरलं की ताई अंगणातली भांडी आत घ्यायची, शेळी आत बांधायची, दार लावायची. वस्तीभर दारं लागल्याचे आवाज एकामागून एक यायचे.

दुपारी याकोबमामा हुरड्याची कणसं घेऊन आले. पांढरा फेटा, ताठ पाठ, हातात काठी. मी तापट म्हातारा डोळ्यांपुढे आणला होता, पण माणूस मृदू निघाला. गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजली, हातावर चोळून गरम दाणे आधी मला दिले, शेंगदाण्याची चटणी पुढे सरकवली. मी सरळच विचारलं, "मामा, दुसऱ्या ग्रहावर माणसं असली तर आपलं काय बिघडतं?"

त्यांनी पुढचं कणीस आरावर ठेवलं.

"बाई, माझा आजा गावाच्या येशीबाहेर राहत व्हता. विहिरीवर आमची सावली चालत न्हवती. देऊळ बी दुरून बघायचं. मंग एक पाळक आल्ता. त्यानं आज्याला सांगितलं, ज्यानं आभाळ केलं तो तुज्यासाठी आला. तुज्यासाठी मेला. आजा तवापासून ताठ चालाया लागला. आमच्या घरात दुसरं काय बी न्हवतं, एवढंच व्हतं." ते दाण्यांवरची राख फुंकत होते. "आता पाळकसाहेब म्हनतेत, तिकडं बी असतील. हजार असतील, लाख असतील. मंग तो त्यांच्यासाठी बी गेला का? दर जागी मेला का? का आमच्याकडं नुसता जाता जाता आल्ता? मंग आमी कोन राह्यलो?"

दाजी ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत होते. म्हणाले, "मामा, मला माहीत नाही. म्हणूनच मी नाताळला उभा राहत नाही. माहीत नसताना माहीत आहे असं बोलू का?"

"बोलू नका," मामा म्हणाले. "पन उभे राहा. आन् एकदाच आला, आपल्यासाठी आला, एवढंच सांगा. न्हाईतर मंडळी उठून जाईल. मी पयला उठीन."

ते गेल्यावर मी शाळेकडे चक्कर मारून आले. तिथले गुरुजी बौद्ध, वाचणारे गृहस्थ. ते म्हणाले, "आमच्यात याची अडचण न्हाई, बाई. विश्वात कितीक लोक असतील, दुःख सगळीकडं सारखंच." मग आवाज खाली आणून पुढे म्हणाले, "पन खरं सांगू? मी बी सांजेला बाहेर येत न्हाई."

नदीकडची संध्याकाळ

तिसऱ्या दिवशी ताईला मी आग्रहानं नदीवर नेलं. दिवसाउजेडी परत येऊ म्हटलं होतं, पण गोदावरीच्या वाळूत पाय टाकल्यावर कुणाला घाई होते? पाणी संथ, पलीकडचा काठ निळसर. येताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. बाभळीचा काटा घालून तो बसवेपर्यंत सूर्य बुडाला.

वाटेत पडीक रानात एका धनगराचा कळप होता. माणूस म्हातारा, खांद्यावर घोंगडी. तो जाळ्या ठोकून मेंढरांना रात्रीसाठी कोंडायच्या तयारीत होता. आम्ही जवळ आलो तसं काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. मग कळलं. मेंढरं ओरडत नव्हती. एवढा मोठा कळप, पण एक घंटी वाजत नव्हती, एक तोंड चरत नव्हतं. सगळी मावळतीकडे तोंडं करून उभी होती, लहान कोकरंसुद्धा.

"बाबा, काय झालं यांना?" ताईनं विचारलं.

धनगरानं काठीनं वर दाखवलं.

मी शुक्र पाहिला, तो खाली होता, नेहमीच्या जागी. आणि त्याच्या बऱ्याच वर, जिथं काही असायला नको तिथं, ते होतं. सोललेल्या लसणाच्या पाकळीसारखं पांढरं, खाली किंचित निमुळतं. जमीन काळी पडत चालली होती, आमचे हात आम्हाला धड दिसत नव्हते, आणि त्याच्यावर मात्र ऊन होतं. मी मुलींना शिकवते की उंचावरच्या वस्तूला सूर्य उशिरापर्यंत दिसतो. ते मला त्या क्षणीही आठवत होतं. पण आठवून काही उपयोग नव्हता. ते आपल्याकडे बघतं आहे, असं वाटत होतं.

"तुम्ही भीत नाही?" मी धनगराला विचारलं.

"मेंढरं पळाली असती तर भ्यालो असतो," तो म्हणाला. "ही वाट बघून राह्यलीत."

ताईनं माझा दंड धरला. आम्ही पळालो नाही, पण वस्तीपर्यंत पाय भराभर उचलले. मागं वळून पाहिलं तेव्हा ते तांबूस झालं होतं, विझत आलेल्या निखाऱ्यासारखं. मग नव्हतं.

धुक्यातली सकाळ

पहाटे दाट धुकं पडलं आणि उजाडता उजाडता कुणीतरी ओरडत आलं, की मामांच्या ज्वारीत काहीतरी उतरलंय.

आम्ही गेलो तेव्हा बांधावर सगळी वस्ती आणि निम्मं गाव उभं होतं. शेताच्या मध्यावर ज्वारी आडवी झाली होती आणि तिच्यावर पांढरं, अर्धपारदर्शक असं काहीतरी पसरलं होतं. इतकं मोठं, की त्याची दुसरी कड धुक्यात हरवली होती. आणि ते श्वास घेत होतं. सावकाश फुगायचं, कणसांच्या वर यायचं, पुन्हा सुस्कारा टाकून बसायचं. पलीकडून, दिसत नव्हतं तिथून, बारीक टकटक ऐकू येत होती.

बायांनी लेकरांची तोंडं पदरात घेतली. कुणीतरी म्हणालं, पोलीसपाटलाला बोलवा. कुणीतरी म्हणालं, पेटवून द्या. रॉकेलचा डबा आणायला एक जण निघालासुद्धा.

तेव्हा दाजींनी चपला काढल्या. का काढल्या, ते मी नंतरही विचारलं नाही. ते बांध उतरून ज्वारीत शिरले.

"पाळकसाहेब!" याकोबमामा ओरडले. "मागं फिरा! ते आपलं न्हाई!"

दाजी थांबले नाहीत. ताई माझ्या शेजारी उभी होती. तिचे ओठ हलत होते. दाजींचं डोकं कणसांमधून पुढे पुढे जाताना दिसलं, मग धुक्यात पुसट झालं. मग मामा काठी टाकून बांधावरून उतरले. म्हातारा माणूस, धाटं दोन्ही हातांनी बाजूला सारत, हाका मारत त्यांच्या मागे गेला. त्यांना ओढून आणायला गेला, असंच आम्हाला वाटलं. मामा त्यांच्यापाशी पोचले, त्यांचा हात धरला, आणि तिथंच उभे राहिले.

ते पांढरं दोघांसमोर उंच झालं. माणसाच्या डोक्यावर गेलं.

आणि दाजींचा आवाज आला. देवळातला नव्हे, दारी आलेल्या माणसाशी बोलतात तो.

"कोणी आहे का आत? असलात तर भिऊ नका. तुम्हाला इथं कोणी काही करणार नाही."

ते हळूच खाली बसलं. टकटक चालूच होती. दाजींनी पुढे वाकून त्यावर हात ठेवला, गुरावर ठेवावा तसा. बराच वेळ ते दोघं तसेच उभे होते. मामांनी त्यांचा दुसरा हात सोडला नव्हता.

जीपमधली माणसं

धुकं विरलं तेव्हा ते प्लॅस्टिक निघालं, कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ. पलीकडे दोऱ्यांचा गुंता, एक मोठी हवाई छत्री आणि पत्र्याची पेटी. दुपारी धूळ उडवत जीप आली. हैद्राबादकडची शिकलेली माणसं, सभ्य, थकलेली. हा फुगा आम्ही संशोधनासाठी सोडतो, म्हणाले. फार उंच जातो, आकाशातले किरण मोजतो. फुगणं आत उरलेल्या वायूचं, टकटक पेटीतल्या घड्याळयंत्राची. कुणाला इजा नाही ना? ज्वारीचं नुकसान भरून देऊ.

वस्तीला हसू फुटलं. कालपर्यंत दारं लावून बसणारी माणसं प्लॅस्टिकचे तुकडे मागू लागली, छपरावर घालायला. पोरं छत्रीखाली नाचू लागली. मीही हसले. शास्त्राची मास्तरीण म्हणून जरा मिरवलेही.

दाजी तेवढे बाजूला उभे होते. पेटी जीपमध्ये चढवताना त्यांनी त्यातल्या मोठ्या साहेबाला विचारलं, "दिवाळीनंतर दोनदा आलं होतं. तेही तुमचंच ना?"

साहेब दोर गुंडाळत होता. "नाही हो. या हंगामातला हा पहिलाच. पाऊस संपल्यापासून आम्ही सोडलाच नव्हता."

"मग दुसऱ्या कुणाचा?"

"इकडे दुसरं कोणी सोडत नाही," तो म्हणाला. मग दाजींच्या चेहऱ्याकडे बघून हसला. "शुक्र पाहिला असेल तुम्ही."

जीप गेली. हे बोलणं आम्ही तिघांनीच ऐकलं होतं, दाजी, मी आणि याकोबमामा. ऊन कलत होतं. मामांनी एकवार मावळतीकडे पाहिलं आणि आडव्या ज्वारीतून आपली काठी शोधायला गेले. त्यांनी वस्तीवर कुणाला सांगितलं नाही. आम्हीही नाही.

नाताळ

नाताळाच्या सकाळी देऊळ भरलं होतं. पताका, झेंडूची तोरणं, करंज्यांचा वास. दाजी उभे राहिले. ताईनं माझ्या मांडीवर हात ठेवला.

प्रवचन छोटं झालं. थंडीत, परक्या गावात, घरात जागा न मिळाल्यानं गोठ्यात एक बाळ जन्मलं, एवढंच त्यांनी सांगितलं. कुणासाठी जन्मलं याचा अर्थ लावला नाही. मामा पुढच्या रांगेत ताठ बसले होते, नजर खाली. कुणी उठलं नाही.

मग प्रार्थना. आजाऱ्यांसाठी, विधवांसाठी, गावासाठी, राज्यकर्त्यांसाठी, नेहमीच्या क्रमानं. लोक आमेन म्हणायच्या बेतात होते, पण दाजी थांबले नाहीत. डोळे मिटलेलेच होते.

"आणि प्रभू, तुझी जी कोणी लेकरं आम्हाला माहीत नाहीत, ती जिथं असतील तिथं त्यांना सांभाळ. ती आम्हाला भीत असतील तर त्यांची भीती काढ. आम्ही भीत आहोत, आमचीही काढ."

कुणाच्या तरी हातातला टाळ किणकिणला. उन्हानं तापलेला पत्रा कडकडला. बाया पदराआडून एकमेकींकडे पाहू लागल्या. सगळे मामांच्या पाठीकडे बघत होते, ते उठतात का ते. दाजी डोळे मिटून उभेच, हात पसरलेले.

मामा उठले नाहीत. पुढच्या रांगेतून एकट्याचाच, घोगरा आवाज आला.

"आमेन."